लोखंड जाईल, मागे काय राहील?

‘जास्त बोललास तर गडचिरोलीला बदली करीन’ हा सरकारी कचेऱ्यांमधला जुना दम. सिनेमा-मालिकांमधून तो आपल्यापर्यंतही पोचला. या जिल्ह्याचं नाव बातमीत आलं की पुढे चकमक, भूसुरुंग किंवा पुरात तुटलेला रस्ता असणार, हे आपण गृहीतच धरायचो. आता मात्र त्याच नावापुढे ‘स्टील हब’ असे शब्द लागताहेत. २२ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीत वर्षाला ४५ लाख टन क्षमतेच्या पोलाद प्रकल्पाची पायाभरणी केली. पुढच्या तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल उर्फ भूपती आपल्या साठ साथीदारांसह याच जिल्ह्यात शरण आला.

थोडक्यात, बंदुका मागे हटताहेत आणि पोकलेन पुढे सरकताहेत. यावर सोशल मीडियावर होणारी भांडणं तुम्ही पाहिली असतील. एक जण लिहितो, ‘जंगल वाचवा, खाण बंद करा.’ दुसरा लगेच विचारतो, ‘मग तुझी बाइक आणि तुझ्या बिल्डिंगच्या सळया परत करतोस का?’ इथे वाद संपतो आणि दोघंही पुढचं रील बघायला लागतात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. सूरजागडच्या डोंगरातून निघालेल्या प्रत्येक टनामागे गडचिरोलीत काय राहणार आहे?

लोखंड तर लागणारच

आधी ‘बाइक परत कर’ म्हणणाऱ्याचं म्हणणं तपासू. ते चुकीचं नाही. जगात खाणींतून निघणाऱ्या लोहखनिजापैकी सुमारे ९८ टक्के पोलाद तयार करायला जातं. पूल, रेल्वेचे रूळ, मेट्रो, पवनचक्क्यांचे मनोरे, सौर पॅनलचे सांगाडे, ऑपरेशनची हत्यारं, शेतातला नांगर, यांपैकी कशातूनच पोलाद वजा करता येत नाही. भारत २०१८ पासून जगातला दुसऱ्या क्रमांकाचा पोलाद उत्पादक आहे. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे १५ कोटी टन पोलाद तयार झालं. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणानुसार २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टनांची क्षमता उभी करायची आहे. आपला दरडोई वापर वर्षाला सुमारे १०० किलो आहे, तर जगाची सरासरी त्याच्या दुप्पट.

भंगार वितळवून काम भागणार नाही का? काही प्रमाणात भागतं. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये भंगार आणि स्पंज आयर्न वितळवूनच बांधकामाच्या सळया तयार होतात. पण एकदा इमारतीत किंवा पुलात गेलेलं पोलाद पुढची चाळीस-पन्नास वर्षं भंगारात येत नाही. आपला देश अजून बांधला जातोय, त्यामुळे आपल्याकडे भंगारच कमी आहे. एक टन पोलादासाठी साधारण दीड टनाहून अधिक खनिज लागतं, हे लक्षात घेतलं तर खाणी वाढणार हे उघड आहे. कुठे वाढणार आणि कोणत्या अटींवर, यावर मात्र बोलता येतं.

चांदा जिल्ह्याची हुकलेली गाडी

एक जुनी गोष्ट या सगळ्याला फार जवळची आहे. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या हातात एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल पडला. त्या वेळी ते नागपुरात एम्प्रेस मिल चालवत होते. चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथे उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्या अहवालात म्हटलं होतं. चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर. गडचिरोली हा त्याचाच भाग होता, २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा जिल्हा झाला. भारतात पोलादाचा कारखाना उभारण्याच्या टाटांच्या स्वप्नाची सुरुवात आपल्या विदर्भातल्या या अहवालातून झाली.

मग कारखाना इथे का नाही झाला? लोहखनिज म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांची घट्ट जोडी. ही जोडी तोडायला भट्टीत कोक लागतो, आणि कोक होण्याजोगा कोळसा सगळीकडे मिळत नाही. वरोऱ्याचा कोळसा या कामाचा नव्हता. शिवाय त्या वेळचे ब्रिटिश सरकारचे खाणकामाचे नियमही जाचक होते. बेत बारगळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांची माणसं पुन्हा चांद्यात फिरली. पुढे नागपूरच्या संग्रहालयातल्या एका भूगर्भीय नकाशावर दोराबजी टाटांना दुर्ग जिल्ह्यातल्या खनिजाच्या खुणा दिसल्या. १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातल्या खनिजाची माहिती जमशेटजींना पत्रानं कळवली. ते खनिज झरियाच्या कोळशाला जवळ होतं. अखेर १९१२ मध्ये पोलाद तयार झालं ते साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात. दुर्गच्या दल्ली-राजहराचं खनिजही वाया गेलं नाही. स्वातंत्र्यानंतर भिलाईचा कारखाना त्याच्यावरच उभा राहिला.

थोडक्यात, डोंगरात खनिज असलं की आपोआप उद्योग येतो, असं नाही. आता गणित बदललंय. कोकऐवजी साध्या कोळशावर स्पंज आयर्न करण्याचं तंत्र भारतात रुळलंय आणि या पद्धतीत आपण जगात सर्वांत पुढे आहोत. हलक्या प्रतीच्या खनिजातून लोहाचा भाग वेगळा काढता येतो, त्याच्या गोळ्या म्हणजे पेलेट करता येतात. त्यामुळे सव्वाशे वर्षांपूर्वी हुकलेली गाडी आज पुन्हा फलाटावर आली आहे.

सूरजागडमध्ये नेमकं काय चाललंय?

सूरजागड एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ आहे. लॉइड्स मेटल्स कंपनीला इथला सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. माओवाद्यांच्या विरोधामुळे बरीच वर्षं काम होऊ शकलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी इथे डझनावारी वाहनं जाळली. २०२१ नंतर मात्र खाणीनं वेग घेतला. उत्खननाची परवानगी २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली आणि २०२५ मध्ये २ कोटी ६० लाख टनांवर. सूरजागडच्या आसपासच्या आणखी काही पट्ट्यांचे लिलावही झाले आहेत.

जमेच्या बाजू आधी सांगायला हव्यात. हजारो स्थानिक तरुणांना काम मिळालं. शरण आलेल्या माओवाद्यांपैकी काही जण कंपनीत नोकरी करतात. कामगारांना कंपनीचे शेअर दिले गेले. हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची पाइपलाइन टाकल्यामुळे पाण्यात कालवलेली खनिजाची भुकटी थेट कारखान्यापर्यंत जाणार आहे. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर ट्रकच्या रांगांनी झालेले हाल, उखडलेला रस्ता, धूळ आणि अपघात ज्यांनी पाहिलेत, त्यांना या पाइपलाइनची किंमत सांगावी लागणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कारखाना खाणीच्याच जिल्ह्यात होतोय. हे किती दुर्मीळ आहे ते शेजारच्या बस्तरमध्ये बघा. बैलाडिलाच्या डोंगरातून १९६८ पासून खनिज निघू लागलं. ते खास बांधलेल्या रेल्वेमार्गानं विशाखापट्टणमला आणि तिथून जहाजानं जपानला जायचं. बस्तरमध्येच पोलाद तयार करणारा नगरनारचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधली ५५ वर्षं डोंगर रिकामा होत होता आणि दंतेवाडा देशातल्या मागास जिल्ह्यांच्या यादीत होता. त्या मानानं कोनसरीची सुरुवात बरी म्हणायला हवी.

मिळकत की विकलेली जमीन?

आता हिशेबाकडे येऊ. वडिलोपार्जित शेत विकून आलेले पैसे कुणी ‘यंदाचं उत्पन्न’ म्हणून उडवायला लागला तर गावात त्याला काय म्हणतात, हे वेगळं सांगायला नको. खनिज हे असंच शेत आहे. ते एकदाच विकता येतं.

त्याची किंमत कशी ठरते? लोहखनिजावर सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, राज्य सरकारला मिळते. त्याशिवाय २०१५ च्या कायदादुरुस्तीनं प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झालं. जुन्या, म्हणजे लिलावाशिवाय दिलेल्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी आणखी रक्कम या प्रतिष्ठानला द्यावी लागते. अंदाज यावा म्हणून एक गणित करू. समजा खनिजाची सरासरी किंमत टनाला ४,००० रुपये आहे. राज्याला रॉयल्टी मिळेल ६०० रुपये आणि जिल्ह्याच्या प्रतिष्ठानला १८० रुपये. २ कोटी ६० लाख टनांवर हे १८० रुपये वर्षाला ४६८ कोटी होतात. बाजारभाव आणि खनिजाची प्रत यांनुसार आकडा खालीवर होईल, पण अंदाज येतो. एका जिल्ह्यासाठी हा पैसा प्रचंड आहे, पण टनामागे पाहिलं तर तो पाच टक्क्यांच्याही आत आहे.

तुलनेसाठी सांगायचं तर २०२० मध्ये ओडिशातल्या लोहखनिजाच्या काही पट्ट्यांसाठी कंपन्यांनी खनिजाच्या किमतीच्या ९० टक्क्यांहूनही जास्त रक्कम सरकारला देण्याची बोली लावली होती. सूरजागडचा पट्टा लिलावाचा कायदा येण्याच्या आठ वर्षं आधी दिला गेला, त्यामुळे असं अधिमूल्य इथे नाही. हा पट्टा ५० वर्षांचा, २०५७ पर्यंतचा आहे. आज वीस वर्षांचे असाल तर तेव्हा तुम्ही बावन्न वर्षांचे असाल. आज जन्मलेलं मूल नोकरी-धंद्याला लागून दहा वर्षं झालेली असतील. त्याच्या वाट्याला काय ठेवायचं, हे आत्ता ठरतंय.

गोव्यानं काय शिकवलं?

पैसा आला पण उरला नाही, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. गोव्यात पोर्तुगीज काळापासून खाणी आहेत. चीनची पोलादाची भूक वाढली तशी डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागांतली लाल माती दिवसरात्र ट्रकांतून आणि मांडवी-जुवारीवरच्या बार्जेसमधून बंदरात जाऊ लागली. २०१०-११ मध्ये गोव्यातून सुमारे ५ कोटी टन खनिज निर्यात झालं. शेतात गाळ आला, विहिरी आटल्या, पण ट्रक आणि बार्ज विकत घेण्यासाठी कर्जं काढणाऱ्यांची रांग थांबली नाही.

मग शहा आयोगाचा अहवाल आला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणकाम थांबवलं. २०१४ मध्ये ते वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेसह पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं नूतनीकरण केलेले ८८ पट्टे रद्द केले आणि मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले, खानावळवाले रस्त्यावर आले. पुढे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीतून खनिज पुन्हा निघू लागलं. खाण चालू असताना शेती गेली आणि खाण बंद झाल्यावर नोकरी. दोन्ही वेळा फटका बसला तो एकाच गावाला.

पण त्याच २०१४ च्या निकालात एक चांगली गोष्ट होती. खनिजविक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत टाकावी, असा आदेश न्यायालयानं दिला. खनिज संपलं तरी मुद्दल राहावं, हा त्यामागचा विचार. गडचिरोलीला गोव्याकडून घेण्यासारखं हेच आहे. प्रतिष्ठानच्या पैशातला काही वाटा कायम ठेव म्हणून बाजूला ठेवण्याची तरतूद केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. ती कागदावर राहू नये. दरवर्षी किती रक्कम ठेवीत गेली, हा आकडा जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवा.

मालक कोण?

ही ठेव कुणाची, हे ठरवताना गडचिरोलीला स्वतःचाच इतिहास उपयोगी पडेल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावानं ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देशाला दिली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. त्यानंतर जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करू लागल्या. हिशेब लिहायला शिकल्या, ठेकेदाराशी भाव करायला शिकल्या.

बांबू कापला की पुन्हा येतो. जी वस्तू पुन्हा उगवते तिच्याबद्दल ग्रामसभेला विचारायचं आणि जी कधीच परत येणार नाही तिच्याबद्दल फक्त कळवायचं, असा उलटा न्याय सध्या चालू आहे. पेसा कायद्यात वाळू-मुरमासारख्या गौण खनिजांसाठी ग्रामसभेची शिफारस लागते, लोहखनिज मात्र गौण खनिजात मोडत नाही. वनजमिनीच्या बाबतीत वनहक्क कायद्याचा आधार आहे. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बारा ग्रामसभांना विचारलं गेलं आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. सूरजागडच्या विस्तारासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये झालेली जनसुनावणी मात्र गडचिरोली शहरात घेतली गेली, खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. पहाटे निघून तिथे पोचायचं, मराठीत बोलायचं, अर्धा दिवस थांबायचं. घरी माडिया बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं हे कसं करायचं?

त्या डोंगरावर ठाकूरदेवाचं स्थान आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. २०२३ मध्ये तोडगट्टा इथे अनेक गावांनी महिनोन्‌महिने आंदोलन केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पोलिसांनी उठवलं. विरोध करणाऱ्या प्रत्येकाला माओवादी म्हणायची सवय आतापर्यंत सोयीची होती. माओवाद संपत आला असेल तर ती सवयही संपायला हवी. शांततेचा फायदा प्रश्न विचारणाऱ्यालाही मिळाला पाहिजे.

पाणी आणि गाळ

आणखी एक मुद्दा बातम्यांमध्ये फारसा येत नाही. सूरजागडमध्ये उत्तम हेमेटाइटच्या जोडीला हलक्या प्रतीचा, गारगोटीचे पट्टे असलेला दगड मोठ्या प्रमाणात आहे. तो दळून त्यातलं लोह वेगळं काढलं की अर्ध्याहून जास्त दगड बारीक गाळ होऊन मागे राहतो. हा प्रकल्प आणि त्याची कामं यांसाठी ९०० हेक्टरहून अधिक वनजमीन आणि एक लाखाहून अधिक झाडं जाणार आहेत. या भागातून वाघांचा संचारमार्गही जातो. गाळ कुठे साठवणार, बांध किती पक्का असणार, खालच्या गावांना धोक्याची सूचना कशी मिळणार, हे आधी विचारायला हवं. जानेवारी २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथे लोहखाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. तिथेही बांध सुरक्षित असल्याचा दाखला होता.

तुम्ही काय कराल?

‘आम्ही पुण्या-मुंबईत बसून काय करणार?’ असं वाटू शकतं. पण बरंच काही करता येतं. खाणीला पर्यावरण मंजुरी देताना घातलेल्या अटी आणि कंपनीचे सहामाही अनुपालन अहवाल सार्वजनिक असतात, परिवेश पोर्टलवर बघता येतात. प्रतिष्ठानचा पैसा कशावर खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी याहून चांगला विषय मिळणार नाही. सिव्हिलवाल्यांनी बांध तपासावा, वनस्पतीशास्त्रवाल्यांनी भरपाईच्या वनीकरणात नेमकं काय लावलंय ते बघावं, पत्रकारितेच्या मुलांनी माडिया बोलणाऱ्या मित्राला सोबत घेऊन गावात जावं.

आणि गडचिरोलीतच शिकत असाल तर मागणी आणखी नेमकी करा. ड्रायव्हर आणि सुरक्षारक्षकाच्या जागा स्थानिकांना मिळाल्या, हे ठीक. धातुशास्त्रज्ञ, सर्वेक्षक, लेखापाल, पर्यावरण अभियंता या जागांवर जिल्ह्यातली किती मुलंमुली आहेत, हा आकडा दरवर्षी मागा. डोंगर २०५७ पर्यंत पुरेल की त्याआधीच संपेल, ते पुढे कळेल. ठेव मात्र पहिल्या वर्षापासून टाकली तरच साठते, आणि सूरजागडच्या ट्रकची पहिली काही वर्षं तर कधीच निघून गेली आहेत.